क्रिकेटची दुसरी टीम हातात घेतलीस, तर एवढं ऐक

पोरांची टीम तुझ्याकडं आली, मनापासून आनंद झाला. आपल्या तासगाव भागात पाऊस सरला की मॅचेस धरतात आणि नेमकी तेव्हाच द्राक्षाची फळछाटणी येते. ऑक्टोबरात नऊच पोरं आली तर चिडू नकोस, बागेतनं सुटली की येतील. तोवर शेपटाच्या, म्हणजे शेवटी बॅटिंगला येणाऱ्या पोरांना वर खेळव, त्यांना एरवी बॅटिंग मिळतेय कुठं?

पिचवर अंथरायची मॅट मात्र स्वतः ताण. मुरमावर पाणी मार, खडे झाडून काढ, मग चारी बाजूंनी खिळे ठोक. गुडलेंथला, म्हणजे चांगल्या बॉलचा टप्पा पडतो तिथं, बोटभर सुरकुती राहिली तरी चेंडू थेट हनुवटीवर येतो. टेनिस बॉलवर वाढलेली पोरं १५६ ते १६३ ग्रॅमच्या लेदर बॉलला आधी बिचकतातच. पहिले पंधरा दिवस नुसते कॅच दे, जवळून, खालून टाकलेले.

एकदा कॅच सुटला म्हणून मी एका पोराला सगळ्यांदेखत झापलं. तो परत ग्राउंडवर आलाच नाही. अजून सलतं ते. तू बाजूला घेऊन बोल.

भारताचे बॅट्समन विजय हजारे आपल्या सांगलीत जन्मले आणि १९४८ ला ॲडलेड कसोटीत त्यांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली, हे पोरांना जरूर सांग. आणि स्कोअरबुक त्यांच्याच हातात दे, दर मॅचला वेगळा पोरगा.