शुभेच्छुकांच्या रांगेतला फोटो

पोरा,

अनेक आशीर्वाद. परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मशीनवर दहा बाय वीसचा फ्लेक्स निघत होता. त्या आवाजात मी नुसता हं हं करत राहिलो. व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं तर तू वाचत नाहीस, निळ्या खुणा तेवढ्या उमटतात. म्हणून हा कागद.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. वाढदिवसाला 43 जणांनी इन्स्टाग्रामवर तुझ्या फोटोची स्टोरी ठेवली, आणि ज्याच्याबरोबर तू दीड वर्ष एका खोलीत राहतोस त्यानेच ठेवली नाही. तीन आठवडे झाले, तू त्याच्याशी कामापुरतं बोलतोस. दहा बाय बाराच्या खोलीत कामापुरतं बोलायला किती कष्ट पडत असतील, देव जाणे.

या विषयात मला थोडं कळतं, कारण माझं घर याच्यावरच चाललं. मी मूळचा पेंटर. 2006 साली कम्प्युटर घेतला. डिझाईन इथे करायचं, सीडी घेऊन एसटीने कोल्हापूरला जायचं आणि छापलेला फ्लेक्स खांद्यावर टाकून परत यायचं. मशीन पुढे कितीतरी वर्षांनी आलं. वाढदिवसाच्या फ्लेक्सची मांडणी तू स्वतः सुट्टीत शंभर वेळा केली आहेस: वर नेत्यांचे गोल फोटो, मधे गॉगल लावून कानाला फोन धरलेला उत्सवमूर्ती, खाली शुभेच्छुकांच्या रांगा. ‘दोस्तीच्या दुनियेतला राजा माणूस’, ‘आपला माणूस, हक्काचा माणूस’ हा मजकूर एका फाईलमध्ये तयार असायचा. आपण नुसतं नाव बदलायचो. एकदा तू नाव बदलायला विसरलास आणि एकाच चौकात दोन वेगवेगळ्या तोंडांखाली एकच नाव लागलं होतं, आठवतं?

स्टोरी म्हणजे मला तरी वेगळं काही वाटत नाही. फ्लेक्सच तो, फक्त खिशात मावणारा, आणि चोवीस तासांनी आपोआप उतरणारा. आमचा फ्लेक्स उतरवायला नगरपालिकेला गाडी पाठवावी लागते.

आता या धंद्यातली एक गोष्ट. फ्लेक्सची ऑर्डर आली की गिऱ्हाईक सगळ्यात जास्त वेळ शुभेच्छुकांवर घालवतं. कोणाचा फोटो पहिल्या रांगेत, कोणाचा दुसऱ्या, कोणाचा अर्धा इंच मोठा. उत्सवमूर्तीच्या वडिलांचं नाव चुकलं तर चालतं, पण रांग चुकली की भांडण. एकदा मला 22 फोटो आले आणि जागा होती 21 ची. एक फोटो अंधुक होता, कुठल्यातरी लग्नातल्या घोळक्यातून कापलेला. मी तो काढून टाकला. फ्लेक्स लागला त्या संध्याकाळी गिऱ्हाईक दुकानात आलं आणि न बोलता बसून राहिलं. काढलेला फोटो त्याच्या बालवाडीपासूनच्या मित्राचा होता. चांगला फोटो नव्हताच त्याचा, कारण या टोळीत फोटो काढायचं काम कायम त्याच्याकडे. निम्मे पैसेही त्यानेच भरले होते. मी नवा फ्लेक्स फुकट छापून देतो म्हटलं. पण तो मित्र पुन्हा त्या चौकातून गेला नाही, पलीकडच्या बोळातून जायचा. चूक माझी, आणि भरली दुसऱ्याच दोघांनी.

बरीच वर्षं मी विचार करत होतो की तो माणूस एवढा का दुखावला. मित्र आपला आहे हे त्याला माहीत होतं, मित्रालाही माहीत होतं. मग? फ्लेक्स चौकासाठी असतो, हे त्याचं उत्तर. ज्याचा वाढदिवस असतो त्याला त्यातलं काहीही नव्याने कळत नाही, कळतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला. आणि एकदा का मैत्री चौकात मांडली, की जे चौकात नाही ते नाहीच, असा चौकाचा हिशेब असतो. तुझ्या रूममेटने रात्री बारा वाजता तुला उठवून मॅगी खायला घातली, असं तूच मला सांगितलंस, तेही त्याच फोनमध्ये, तक्रारीच्या अलीकडे. म्हणजे शुभेच्छा मिळाल्या. खुपतंय ते एवढंच, की त्या मिळताना कोणी पाहिलं नाही.

दिखावा म्हणजे वाईटच, असं मात्र मी म्हणणार नाही. मार्केट यार्डातल्या हमालांनी एकदा वर्गणी काढून आपल्यातल्या एकाच्या पन्नाशीचा फ्लेक्स लावला होता. तो माणूस दिवसभर त्या फ्लेक्सखाली उभा होता, पाठीवर पोतं नव्हतं म्हणून हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. चौकाने ज्याला कधी पाहिलंच नाही त्याला चौकात उभं करणं, ही मैत्रीच. तलवारीने केक कापून व्हिडिओ टाकणाऱ्या पोरांचं वेगळं. त्यांना त्याच व्हिडिओवरून पोलीस उचलतात.

तू आणखी एक म्हणालास: माझ्या 43, आणि वर्गातल्या अमक्याच्या दीडशे. यावर एक गणित ऐक. स्कॉट फेल्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1991 साली दाखवून दिलं की बहुतेक माणसांच्या मित्रांना सरासरीने त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे चक्रम वाटलं. मग गावात सगळ्यांशी दोस्ती असलेले आपले भाऊ आठवले. गावात कुठल्याही पोराचा फ्लेक्स लागू दे, शुभेच्छुकांत भाऊ असणारच. ज्याला चारच मित्र, त्या चारांतही एक भाऊ. उलट ज्याला दोनच मित्र आहेत, तो दोनच फ्लेक्सवर येतो, तुझ्या नजरेला पडतच नाही. म्हणजे तू तुलना करतोस ती ‘सगळ्यांशी’ नाही, भाऊंशी. फोनवर तर असे भाऊ ढिगाने.

आणि तुझे ते स्नॅपचॅटचे स्ट्रीक, म्हणजे सलग किती दिवस एकमेकांना फोटो पाठवले त्याचा आकडा. मागच्या पावसाळ्यात तू राजगडावर गेलास, नेटवर्क नसणार म्हणून मला पासवर्ड देऊन गेलास (हे पुन्हा करू नकोस, कोणाच्याही बाबतीत). अकरा जणांना रोज एक फोटो पाठवायचा, नाहीतर ते वाळूचं घड्याळ दिसतं आणि आकडा शून्यावर येतो. मी दोन दिवस दुकानातल्या पंख्याचे फोटो पाठवले. अकरापैकी एकानेही विचारलं नाही की हा पंखा कोणाचा. पलीकडूनही भिंती, छत, अर्धा कान असंच येत होतं. तुझी मैत्री अठ्ठेचाळीस तास मी सांभाळली, आणि कोणाचंच काही अडलं नाही. तुला मी हे तेव्हा हसत सांगितलं होतं. आज तेवढं हसू येत नाही.

फेसबुकवर लाईकचं बटण आलं 2009 मध्ये, इन्स्टाग्रामवर स्टोरी 2016 मध्ये, ‘क्लोज फ्रेंड्स’चं हिरवं वर्तुळ 2018 मध्ये. दर वेळी मैत्रीतलं काहीतरी मोजता येण्याजोगं झालं. मला त्या कंपन्यांचा राग येत नाही. तेही दुकानच आहे, आम्ही चौरस फुटावर कमावतो, ते तू किती वेळ बघत बसलास त्यावर. फक्त दुकानदाराने केलेल्या मोजमापाला आपण मैत्रीचं मोजमाप समजू नये, एवढं मी दुकानदार म्हणूनच सांगतो.

मोजायचंच असेल तर तास मोज. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावात राहायला गेलेल्या माणसांची आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांची पाहणी केली, ती 2018 साली प्रसिद्ध झाली. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण 50 तास लागतात, मित्र म्हणण्याजोगा व्हायला 90, आणि जवळचा व्हायला 200 पेक्षा जास्त. त्यातही वर्गात शेजारी बसण्याचे तास फारसे कामाचे नाहीत. गप्पा, टवाळकी, नुसतं लोळणं, हे कामाचं. मेसवरून आल्यावर गच्चीवर तासभर बसता म्हणालास. दीड वर्ष, सुट्ट्या वजा कर, तरी तीनशेच्या वर गेलात. त्या 43 जणांतल्या किती जणांबरोबर तुझे 50 भरतात, ते कागदावर मांडून बघ. मला सांगू नकोस.

त्याने स्टोरी का ठेवली नाही, हे मला माहीत नाही. विसरला असेल. तुझा चांगला फोटो नसेल त्याच्याकडे. कदाचित त्याला खरंच तुझं काहीतरी खटकत असेल, तेही शक्य आहे. मित्र म्हणजे काही संत नव्हे. पण मला जेवढं माहीत नाही तेवढंच तुलाही, कारण तू विचारलंच नाहीस. तू मात्र त्याला चिडवायला चार दिवसांनी दुसऱ्या कोणाबरोबरचा फोटो टाकलास, ‘खरा भाऊ’ असं लिहून. तो मी पाहिला. मजकूर आपल्या फाईलमधला होता.

चैत्रातल्या यात्रेला येताना त्याला घेऊन ये. तिकिटं आधी काढा, शनिवारी स्वारगेटला उभं राहायला जागा नसते. पालखीच्या दुसऱ्या दिवशी मटण आहे, तुझी काकू विचारत होती की तो तिखट खातो का. लातूरकडचा आहे म्हणजे खात असणार, पण अंदाजाने नको. विचारून कळव.

तुझा,
काका