ओव्हन केमिकल स्प्रेशिवाय घरच्या घरी कसा साफ करायचा?

तुम्ही लिहिलंय की ओव्हन आतून काळा मेणचट झालाय, घरात लहान मूल आहे म्हणून तो वासाचा स्प्रे नकोय, तर घरातल्या वस्तूंनी निघेल का. निघतो, पण तासाभरात नाही, एक रात्र द्यावी लागते.

आधी एक बघा, आपल्याकडे मायक्रोवेव्हलाही ओव्हनच म्हणतात. तुमचा मायक्रोवेव्ह असेल तर काम पाच-दहा मिनिटांचं आहे. काचेच्या बोलमध्ये कपभर पाणी, त्यात एका लिंबाच्या चकत्या आणि एक लाकडी चमचा (नुसतं पाणी कधीकधी न उकळताच जास्त तापतं आणि हात लावला की उसळतं, म्हणून चमचा), तीन-चार मिनिटं फुल पॉवरवर, मग पाच मिनिटं दार उघडायचंच नाही. वाफेने सगळं मऊ पडतं, फडक्याने पुसलं की झालं. आत बाजूला जो पुठ्ठ्यासारखा तुकडा असतो तो अभ्रकाचा असतो, तो भिजवू नका, घासूही नका.

आता ओटीजी, म्हणजे रॉडने तापणारा, केक-बिस्किटं भाजायचा ओव्हन. माझा २८ लिटरचा आहे आणि दिवाळीत नानकटाईचे इतके घाणे निघतात की नोव्हेंबरमध्ये आत बघवत नाही. पहिल्यांदा साफ केला तेव्हा मी कुठलातरी व्हिडिओ बघून वाटीत खायचा सोडा घेतला, वरून व्हिनेगर ओतलं, काय मस्त फसफसलं! वाटलं आता डाग पळतील. ते पाणी लावून अर्धा तास घासत बसले, मनगट दुखलं, डाग तिथेच. नंतर डोक्यात प्रकाश पडला की सोडा अल्कली आणि व्हिनेगर आम्ल, वाटीतच दोघांनी एकमेकांना संपवलं, कार्बन डायऑक्साइड उडून गेला आणि मी जवळजवळ साध्या पाण्यानेच घासत होते. म्हणजे दोन्ही वापरायचे, पण एकत्र नाही, एकामागून एक.

तर मी आता असं करते. प्लग काढून ओव्हन पूर्ण गार होऊ द्यायचा, जाळी ट्रे सगळं बाहेर, तळातला चुरा कोरड्या ब्रशने झाडून घ्यायचा. मग अर्धी वाटी खायचा सोडा आणि पाणी चमच्या-चमच्याने, मेंदी भिजवतो ना तितपत घट्ट, पातळ झालं तर भिंतीवरून ओघळून खाली जमा होतं. हे बोटांनी नाहीतर जुन्या टूथब्रशने तळाला, बाजूंना आणि काचेला आतून थापायचं, पण रॉडना अजिबात लागू द्यायचं नाही, दाराच्या रबरालाही नाही. मी एकदा निष्काळजीपणा केला होता, थोडं रॉडवर सुकून राहिलं आणि पुढच्या वेळी ओव्हन लावल्यावर घरभर असा विचित्र वास की सासूबाई आतून ओरडल्या, काय जाळतेयस गं! आता रॉडवर फॉइलचा तुकडा गुंडाळते आणि नंतर आठवणीने काढते.

रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी पेस्ट पिवळट तपकिरी झालेली असते, तेच तेल सुटलेलं असतं. जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचं (तारेची घासणी नको, आतल्या पत्र्याला ओरखडे पडतात), मग ओल्या फडक्याने पुसायचं, आणि मग व्हिनेगरऐवजी कपभर पाण्यात एका लिंबाचा रस घालून ते पाणी फडक्यानेच लावायचं. जिथे फसफसेल तिथे सोडा राहिलाय असं समजायचं आणि परत पुसायचं. इथे लिंबाचा खरा उपयोग एवढाच आहे. शेवटी पूर्ण सुकवून, खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटं १५० डिग्रीवर रिकामा चालवायचा.

काचेवरचं जवळजवळ सगळं निघतं. छताला जे तपकिरी चट्टे असतात ते मात्र सगळे जात नाहीत, कारण तेल परत परत तापून त्याचं वार्निशसारखं होतं. बिडाच्या तव्यावर आपण मुद्दाम तेल जाळून जो थर बसवतो तोच हा, फक्त नको तिथे. मी ते सोडून देते, हाताला चिकट लागत नसेल तर राहू दे की.

जाळी स्टीलची असेल तर गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा टाकून तासभर बुडवा, हातमोजे घाला कारण तो खायच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असतो. पण अॅल्युमिनियमचा ट्रे चुकूनही त्यात नको, माझा काळाठिक्कर पडला होता. मग मोठ्या पातेल्यात पिळलेल्या लिंबांची सालं घालून तो उकळला तेव्हा पुन्हा उजळला, अगदी नव्यासारखा नाही पण वापरण्याजोगा.

बाय द वे, नॅचरलचा फारच आग्रह असेल तर व्हिनेगरची बाटली फिरवून वाचा, किराणा दुकानातल्या पांढऱ्या बाटलीवर बहुतेक वेळा सिंथेटिक लिहिलेलं असतं. आणि खायचा सोडा तरी कुठे झाडाला लागतो, तोही कारखान्यातच बनतो. पण त्याचा वास डोक्यात जात नाही आणि पुसताना थोडा राहिला तरी घाबरायचं काम नाही, त्यामुळे मूल असलेल्या घरात मला तो पटतो. फक्त यातलं काहीही ब्लीचमध्ये मिसळायला जाऊ नका, आम्ल आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो.

आणि परत घाण होऊ नये म्हणून तळाला फॉइल अंथरतात ना काही जण, ते नको, खालच्या रॉडची उष्णता अडकते. त्यापेक्षा पनीर टिक्का किंवा चीजवालं काही करताना खालच्या खाचेत रिकामा ट्रे सरकवून ठेवा, सगळं त्यात गळतं आणि ट्रे तर काय सिंकमध्ये धुता येतो.