नोटांचं रूप बदलल्याने सामान्य माणसाला खरंच काही फरक पडला का?

तुम्ही विचारलंय की नोटबंदीचा त्रास सोडून द्या, २०१६ नंतर नोटांचे नुसते रंग आणि आकार बदलले त्याने कुणाचं काय बिघडलं? बहुतेकांचं फारसं नाही. एटीएममधल्या पेट्या नव्या मापाला जुळवेपर्यंत मशीन बंद होती, पाकिटात नोट सैल बसायला लागली, वर्षभरात सगळे सरावले. माझं मात्र बिघडलं, आणि अजून पूर्ण सुधारलेलं नाही. मी जन्मापासून अंध आहे. कराडच्या एसटी स्टँडजवळ २२ वर्षं माझी चिक्की-फुटाण्यांची टपरी आहे. हे उत्तर फोनला बोलून लिहितोय.

जुन्या नोटा आम्हाला कशा ओळखू यायच्या ते आधी सांगतो. दहाची नोट १३७ मिलिमीटर लांब, वीसची १४७, शंभरची १५७, पाचशेची १६७, हजाराची १७७. पायरी-पायरीने बरोबर एक-एक सेंटिमीटर. पन्नासची लांबीला वीसएवढीच, पण रुंदीला एक सेंटिमीटर जास्त. मधल्या बोटाच्या टोकाला नोटेची कड टेकवायची आणि ती तळहातावर पसरायची. हजाराची मनगटाजवळ पोचायची, शंभरची तळव्याच्या उंचवट्यावर संपायची. शाळेत असताना वडिलांनी एका दुपारी हे शिकवलं, ते हातात कायमचं बसलं. गिऱ्हाईक बोलत असताना माझं मोजून झालेलं असायचं.

आता नव्या नोटा बघा. दहा १२३ मिलिमीटर, वीस १२९, पन्नास १३५, शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. म्हणजे शंभर आणि दोनशेत फरक फक्त चार मिलिमीटर, दोनशे आणि पाचशेत पुन्हा चारच. जिथे चुकलं तर सगळ्यात जास्त पैसे जातात, नेमका तिथेच फरक सगळ्यात कमी ठेवलाय. पन्नासपासून पाचशेपर्यंत रुंदी सगळ्यांची एकच, ६६. घडी पडलेली, ओली, कोपरा मुडपलेली नोट असली की चार मिलिमीटर बोटाला लागतच नाहीत.

त्यातून शंभरपर्यंतच्या जुन्या नोटाही चलनात आहेतच. जुनी वीसची १४७ आणि नवी दोनशेची १४६! दोनशेची नोट ऑगस्ट २०१७ मध्ये आली, त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी बायको गल्ला मोजायला बसली. हिशोबात १८० रुपये कमी. दोघांनी डोकं लावलं तेव्हा उलगडलं: दुपारी बस सुटायच्या घाईत एकाला पन्नासातून वीस परत दिले होते, ती दोनशेची गेली. माझी दोन दिवसांची कमाई म्हणा. पण पैशांपेक्षा मला दुसरं लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक नोटेला ‘कितीची आहे हो?’ विचारायला लागलो. त्याआधी इतकी वर्षं धंद्यात मला हे कुणाला विचारावं लागलं नव्हतं.

नोटांवर आमच्यासाठी खुणा आहेत, हे खरं. शंभरवर उठावाचा त्रिकोण, पाचशेवर गोल. कडेला तिरक्या रेघा, शंभरला चार, पाचशेला पाच, दोनशेला चार रेघा आणि मध्ये दोन ठिपके. कोऱ्या नोटेवर त्या छान लागतात. पण माझ्याकडे कोरी नोट येते कुठून? भाजी मंडईतून, कंडक्टरच्या पिशवीतून, घामेजलेल्या खिशातून फिरून आलेल्या नोटेवरचा उठाव कधीच बसून गेलेला असतो. आकार मात्र झिजत नाही, म्हणूनच आमचा सगळा भरवसा आकारावर.

रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० ला ‘मणी’ नावाचं ॲप काढलं. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की फोन किंमत बोलून सांगतो, इंटरनेट लागत नाही. घरी बसून पैसे लावताना मी ते आवर्जून वापरतो. टपरीवर एका हातात वजनाचं पारडं, दुसऱ्यात पुडी आणि समोर बसचा हॉर्न, तिथे फोन कुठे काढू?

करायचं ठरवलं तर जमतं, हे नाण्यांनी दाखवलंय. २०१९ च्या मालिकेत वीसचं नाणं बारा कोनांचं केलं. खिशात हात घातला की कळतं. नोटांच्या मापाबद्दल नॅबने (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, अंधांसाठी काम करणारी संस्था) मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती, तेव्हा आमच्याकडचे कितीतरी जण रोज बातमीची वाट बघायचे. माझं मागणं साधं आहे. पुढची मालिका छापायच्या आधी कोऱ्या नाही, मळलेल्या नोटा दहा-वीस अंध फेरीवाल्यांच्या हातात द्या आणि घाईत सुटे पैसे द्यायला लावा.

तोवर आमची घरगुती पद्धत चालू आहे. शंभर सरळ, दोनशेला आडवी घडी, पाचशेला उभी, आणि दोनशे-पाचशे गल्ल्यात नाही, बंडीच्या आतल्या खिशात. रोजची गिऱ्हाइकं नोट हातावर ठेवताना आपणहून आकडा बोलतात. स्टँडवरच्या फुलवाल्या मावशी तर पाचशे दिले की दोनदा सांगतात.