तोटा कोणाच्या माथी? विकास बँका आणि साथीनंतरची उभारी

प्रश्न : विकास बँका, म्हणजे विकासकामांना कर्ज देण्यासाठी सरकारांनी उभ्या केलेल्या बँका, बहुधा लोकांच्या ठेवी घेत नाहीत. मग त्यांचा पैसा येतो कुठून आणि तो स्वस्त कसा?

रोखे विकून. सरकारे भागभांडवल घालतात आणि त्या पाठबळावर बँक रोखेबाजारातून पैसा उचलते. जर्मनीची सरकारी विकास बँक केएफडब्ल्यू (स्थापना १९४८) हिच्या देण्यांना तिथल्या केंद्र सरकारची हमी आहे. जागतिक बँकेच्या पाठीशी सदस्य देशांचे न भरलेले, पण अडचणीत मागवता येणारे भांडवल असते. म्हणून पत वरची आणि व्याज कमी. माझ्या मते मात्र व्याजापेक्षा मुदत मोलाची. सांडपाण्याचा किंवा पवनऊर्जेचा प्रकल्प पंधरा-वीस वर्षांत पैसे फेडतो. जिच्या ठेवी वर्ष-दोन वर्षांत परत मागितल्या जाऊ शकतात, ती बँक एवढ्या मुदतीला कचरते, आणि त्यात तिचे काही चुकत नाही.

प्रश्न : २०२० मध्ये कोविड साथीत एवढी तातडीची कर्जे वाटली गेली, पण बहुतेकांना हरित, म्हणजे ऊर्जाबचतीच्या वा पर्यावरणाच्या अटी नव्हत्या. ही संधी दवडली का?

पहिल्या टप्प्यात नाही. महिनाअखेरीचे पगार थकत असताना ऊर्जा लेखापरीक्षण मागणे म्हणजे कर्ज नाकारणेच. तेव्हा अडचण वेगाची होती. अशा कर्जांत केएफडब्ल्यू अर्जदाराशी थेट व्यवहार करत नाही. कर्ज त्याच्या नेहमीच्या बँकेमार्फत जाते. सुरुवातीला छोट्या-मध्यम उद्योगांच्या कर्जातली ९० टक्के जोखीम उचलूनही बँका चाचरत होत्या, कारण उरलेल्या १० टक्क्यांसाठी त्यांना पूर्ण छाननी करावीच लागे. एप्रिलमध्ये १०० टक्के जोखीम उचलणारे झटपट कर्ज आले. तेही आधी दहाहून जास्त कर्मचारी असलेल्यांनाच होते. त्याहून छोट्यांसाठी दार नोव्हेंबरात उघडले. ‘सर्वसमावेशक’ हा शब्द असा तपशिलात अडकतो.

चूक होते ती दुसऱ्या टप्प्यात. कर्जाची पुनर्रचना किंवा नवी यंत्रसामग्री, ही अट घालण्याची खरी वेळ. इमारतींसाठी केएफडब्ल्यूने वापरलेली पद्धत चांगली आहे : कामाआधी आणि कामानंतर स्वतंत्र ऊर्जातज्ज्ञाचा दाखला, आणि कार्यक्षमता जितकी वरची, तितका मुद्दलाचा जास्त भाग माफ. पण निकष जुना होऊ देऊ नये. नव्या इमारतींसाठीचा एक दर्जा बाजारात सर्रास झाल्यावरही अनुदान चालू राहिले, अर्जांचा पूर आला, पैसा अपुरा पडला आणि २४ जानेवारी २०२२ ला नवे अर्ज अचानक थांबवावे लागले.

प्रश्न : रोख्यावर ‘हरित’ लिहिले आहे. खरे-खोटे कसे ओळखायचे?

युरोपीय गुंतवणूक बँकेने २००७ मध्ये पहिला हवामान रोखा काढला, तेव्हापासून नावाची भरभराट झाली आहे. तीन गोष्टी पाहा. उभारलेली रक्कम वेगळ्या खात्यात किंवा वेगळ्या नोंदीत आहे का. त्यातला किती भाग जुन्या प्रकल्पांचे कर्ज फेडायला गेला. तो मोठा असेल तर नवे फारसे काही उभे राहिलेले नाही. आणि बचत कशाशी तुलना करून मोजली. तुलनेची पातळी २०२० ची असेल तर सावध व्हा : त्या वर्षी बरेच कारखाने काही काळ बंद होते, त्यामुळे तुलना फसवी ठरते. आधीच्या दोन-तीन वर्षांची सरासरी प्रामाणिक.

प्रश्न : हमी योजनांचा पैसा छोट्यांपर्यंत पोचत नाही, अशी तक्रार असते. का?

हमीचा हिशेब मांडून पाहू. समजा, कर्जे एकूण १०० रुपयांची. प्रत्येक बुडालेल्या कर्जाचे ८० टक्के विकास बँक भरणार, पण एकूण भरपाई १० रुपयांपर्यंतच. ५ बुडाले तर विकास बँकेचे ४ आणि कर्ज देणाऱ्या बँकेचा १. पण २० बुडाले तर ८० टक्के म्हणजे १६ होतात, भरपाई १० वर अडते आणि उरलेले १० कर्ज देणाऱ्या बँकेच्याच अंगावर येतात. संकटात सगळे एकदम थकतात, म्हणून ती बँक आधीच सावध होते : हमी घेऊनही घर तारण मागते. जिच्या नावावर जमीनजुमला नाही ती बाई तिथेच गळते. दुसरी पळवाट म्हणजे आधीच डळमळलेली खाती हमीखाली सरकवणे. त्यावर तारखेची अट चालते. जर्मन योजनेत ३१ डिसेंबर २०१९ ला उद्योग अडचणीत नसावा, असे होते. तारणाला मनाई करारातच लिहावी. परिपत्रकातली विनंती कोणी पाळत नाही.

वितरणाचे चांगले उदाहरण बांगलादेशचे. इडकॉल या तिथल्या सरकारी वित्तसंस्थेने २००३ पासून स्थानिक संस्थांमार्फत सुमारे ४० लाख घरगुती सौर संच बसवले. घराने थोडी रक्कम आधी भरायची, उरलेली हप्त्यांनी. संस्थेने दिलेल्या कर्जाचा मोठा भाग इडकॉल पुरवायची. पुढे गावात वीज आली, सरकारी योजनांतून संच फुकटही मिळू लागले, आणि हप्ते थांबले. थकबाकी त्या संस्थांच्या गळ्यात पडली. वीज कुठे, कधी पोचणार याचा नकाशा कर्जयोजनेसोबत बांधलेला हवा होता.

प्रश्न : डॉलरमधले स्वस्त कर्ज घ्यावे का?

उत्पन्न डॉलरमध्ये असेल तर घ्यावे. सौर प्रकल्पाचे उत्पन्न बहुधा स्थानिक चलनात असते. डॉलर दरवर्षी ८ टक्क्यांनी महागला तर आज १०० वाटणारे मुद्दल पाच वर्षांनी १४७ होते. व्याजातली बचत त्यापुढे किरकोळ. ही जोखीम झेलण्यासाठीच विकास बँकांनी २००७ मध्ये टीसीएक्स हा निधी उभारला, पण त्याचे संरक्षणही फुकट नाही. काही करार वीजदर डॉलरला बांधून मोकळे होतात. मग फरक ग्राहकाच्या बिलात उतरतो. सही करण्याआधी विनिमय दराचे कलम उघडा आणि तफावत भरणारा कोण, ते नाव वाचा.