आधी प्रश्न, मग विषयाचं नाव

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

एम.पी.एड.नंतर (शारीरिक शिक्षणातल्या पदव्युत्तर पदवीनंतर) पीएच.डी. मोटर लर्निंगमध्ये, म्हणजे शरीराच्या हालचाली माणूस कशा शिकतो या विषयात, करू की क्रीडा मानसशास्त्रात, असं तू विचारलं आहेस. मैदानावर पाहिलेली कोणती गोष्ट तुला स्वस्थ बसू देत नाही, ते आधी सांग.

मला छळलं ते सर्व्हिसने. बॅडमिंटन शिकवताना मी शॉर्ट सर्व्हिस ओळीने पन्नास करून घ्यायचे, मग लाँग पन्नास. सरावात मुली सुरेख करायच्या, आणि दोन दिवसांनी मॅचमध्ये तीच सर्व्हिस नेटमध्ये! पुढे गूड आणि मॅगिल यांचा 1986चा प्रयोग वाचनात आला. शॉर्ट, लाँग, ड्राइव्ह या सर्व्हिस काहींनी एकेक करून घोटल्या, काहींनी सरमिसळ करून. नंतरच्या चाचणीत सरमिसळवाले सरस ठरले. कोर्टाच्या ज्या बाजूने सराव केलाच नव्हता, तिथूनसुद्धा. शे आणि मॉर्गन यांच्या 1979च्या प्रयोगात तर सरमिसळ गट सरावाच्या वेळी मागे होता, आणि टिकून राहिलं ते त्याचंच. सरावात दिसतं ते शिकणं नव्हे, हे मला तेव्हा कळलं.

तरीही स्वतःच्या पीएच.डी.त मी शेवटच्या सरावाच्या दिवशीच मोजमाप केलं. पुढे परीक्षा लागल्या, सुट्टी लागली, मुली पुन्हा जमल्याच नाहीत. प्रबंध मान्य झाला, पण त्याचा दाखला मी आजही कुणाला देत नाही. म्हणून सांगते, आराखडा करताना शाळेचं वेळापत्रक समोर ठेव आणि रिटेन्शन टेस्टची, म्हणजे सराव संपल्यावर काही दिवसांनी किती टिकलं ते पाहणाऱ्या चाचणीची, तारीख सगळ्यात आधी ठरव.

गटात दहा-बारा खेळाडू घेऊन मोठे निष्कर्ष काढायची आपल्याकडे सवय आहे. ती तू लावून घेऊ नकोस. संख्याशास्त्र स्वतः शीक, गाइडवर सोडू नकोस. जास्त खेळाडू हवेत तर कोचचा विश्वास हवा. दोन महिने नुसती मैदानावर जा, शटल गोळा कर, वही बाहेर काढू नकोस.

राहिला विषयाच्या नावाचा प्रश्न. खेळाडूने लक्ष मनगटाकडे द्यावं की शटल जिथे पडायला हवं तिथे, यावर संशोधक गॅब्रिएल वुल्फ यांनी वर्षानुवर्षं काम केलं. ते तू कोणत्या खणात ठेवशील, मोटर लर्निंगच्या की मानसशास्त्राच्या? खेळाडूंचं समुपदेशन करायचं असेल तर मात्र त्याचं वेगळं, देखरेखीखालचं प्रशिक्षण घे. नुसत्या पीएच.डी.च्या जोरावर कुणाच्या मनाला हात घालू नकोस.

पुढच्या पत्रात तुझा प्रश्न एका वाक्यात लिहून पाठव. खाडाखोड असली तरी चालेल.

तुझी,
बाई