दिसायला छान की राहायला बरं?

"घर घ्यायचं ठरल्यापासून आमच्याकडे रोज वाद." असं सांगत येणारी जोडपी माझ्याकडे नेहमीच असतात. एकाला दिसायला छान घर हवं असतं, दुसऱ्याला सोयीचं, आणि दोघांमधला शहाणा कोण हे मी सांगावं अशी अपेक्षा असते. अशाच एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते.

पुण्यातलं जोडपं. दोघंही नोकरी करणारे, मुलगी दुसरीत, सोबत त्याची आई. निवड दोन फ्लॅटवर येऊन अडली होती. एक बावधनच्या पुढे, उंच टॉवरमधला, ९२ लाखांचा, ताबा दोन वर्षांनी. दुसरा कर्वेनगरात, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, ७८ लाखांचा, लगेच राहायला जाता येईल असा. तिला टॉवर हवा होता, त्याला कर्वेनगर. माझ्याकडे येईपर्यंत विषय घराचा उरलाच नव्हता. "हिला चारचौघांत मिरवायचंय" आणि "हा जन्मभर मन मारूनच जगायला लावणार" इथवर मजल गेली होती.

त्याने हिशेब लिहून आणला होता आणि तो चोख होता. १४ लाख जास्तीचं कर्ज म्हणजे साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी महिन्याला साधारण १२ हजारांचा जादा हप्ता. बांधकाम सुरू असलेल्या त्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख ६० हजार. जुन्या फ्लॅटवर जीएसटी नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत दोन वर्षं घरभाडं आणि हप्ता दोन्ही चालू.

मी त्याला एकच विचारलं, "आई दिवसातून किती वेळा खाली उतरतात?" उत्तर तिने दिलं. सकाळी देवळात, संध्याकाळी नातीला घेऊन बागेत, येताना भाजी. कर्वेनगरच्या इमारतीला लिफ्ट नव्हती आणि आईंचे गुडघे आत्ताच कुरकुरत होते. तो गप्प झाला. ज्याला तो सोयीचं घर म्हणत होता ते खरं तर परवडणारं घर होतं. घरातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाची सोय त्यात धरलेलीच नव्हती. व्यवहारी म्हणवणाऱ्या माणसांच्या बाबतीत मी हे वारंवार पाहिलंय. आकडे बरोबर असतात, पण माणसं मोजायची राहतात.

मग दोघांना एक काम दिलं. आपल्या आवडीच्या घरातला एक साधा मंगळवार लिहून आणायचा, सकाळी दूध येण्यापासून रात्री दाराला कडी लावेपर्यंत. तिचा मंगळवार वाचताना माझ्या लक्षात आलं की त्यात सतत पाहुणे येत होते. लॉबीतून वर येणारे, बाल्कनीत चहा घेणारे. "मंगळवारी एवढं कोण येतं?" असं विचारल्यावर ती आधी हसली आणि मग रडली.

ती पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत वाढली. संडास चार बिऱ्हाडांत एक. मैत्रिणींना कोपऱ्यावरच भेटायची, घरी कुणाला आणायची नाही. तिला पाहायला ही मंडळी येणार होती तेव्हा वडिलांनी शेजारच्या काकूंची पुढची खोली दोन तासांसाठी मागून घेतली होती. पडदे, खुर्च्या, भिंतीवरचं घड्याळ सगळं काकूंचं.

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे मी पोहे खाल्ले ते..."

"काकूंकडेच. बशाही त्यांच्याच."

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे त्याला माहीत नव्हतं.

त्याचीही एक बाजू निघाली. वडिलांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घर बांधलं, हप्ते थकले आणि वसुलीची माणसं ओटीवर येऊन बसू लागली. शाळेतून आल्यावर त्यांच्यासमोरून आत जावं लागायचं. मोठा हप्ता म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे ती ओटी येते.

सुंदर घराची ओढ म्हणजे उथळपणा, असं मला अजिबात वाटत नाही. आपल्या घरी कुणालाही बेधडक बोलावता यावं ही फार मोठी गरज आहे. प्रश्न एवढाच की ती गरज कशाने भागते. तिला मी विचारलं, "पाहुणे लॉबीत बसतील की दिवाणखान्यात?" मग त्या दोघांना टॉवरचा सॅम्पल फ्लॅट पुन्हा बघायला पाठवलं, या वेळी टेप घेऊन. तिथल्या बेडरूमला दारच नव्हतं, पलंग नेहमीपेक्षा आखूड होता, दिवे भरदुपारी चालू. दार बसवलंय आणि ते उघडलंय असं धरून मोजलं तर तिच्या आईने दिलेलं लोखंडी कपाट कुठेच मावत नव्हतं. हे तिने स्वतः मोजलं, म्हणून तिला पटलं. नवऱ्याने सांगून पटलं नसतं.

रंग, फरशी, ओटा, दिवे हे पुढे हातात पैसे आले की बदलता येतं. उजेड, वारा, पाणी, लिफ्ट आणि कामावरून घरी यायला लागणारा वेळ बदलता येत नाही. त्यामुळे घर रविवारी दुपारी बघून ठरवू नका. कामाच्या दिवशी सकाळी सातला जा, पाणी किती वेळ येतं आणि टँकर किती लागतात ते वॉचमनला विचारा. संध्याकाळी ऑफिसातून थेट तिथवर गाडी चालवत जा. सोसायटीची देखभालीची बिलं मागा. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला, बघा. नवीन बांधकाम असेल तर ताब्याची नोंदवलेली तारीख महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर तपासा. आणि घरातल्या ज्येष्ठांना शेवटी दाखवायला नेण्याऐवजी पहिल्याच फेरीला न्या.

या दोघांनी दोन्ही फ्लॅट सोडले. काही महिन्यांनी वारज्यात एक रीसेलचा मिळाला, ८४ लाखांचा. इमारत बाहेरून पार उडालेल्या रंगाची, पण लिफ्ट आहे, आईंना चालत जाता येईल असं देऊळ आहे आणि दिवाणखाना मोठा, पूर्वेकडे उघडणारा. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर त्यात एक टक्क्याची सवलत मिळते. ही माहिती त्यानेच काढली आणि घर तिच्या एकटीच्या नावावर घेऊ असंही त्यानेच सुचवलं. वाचले ते ८४ हजार. त्यातून दिवाणखान्याचं काम करायचं ठरलं. पडद्यांचं कापड तिने निवडलं, आणि पहिला चहा शेजारच्या त्या काकूंना.