स्नायूतले ‘पेशीबाह्य’ म्हणजे नेमके कुठले?

नागपुरातील फिजिओथेरपीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. स्नायूंच्या आनुवंशिक आजारांविषयी रुग्णांच्या घरच्यांसाठी ती मराठीत माहितीपत्रक लिहीत असून त्यात ‘एक्स्ट्रासेल्युलर मॅट्रिक्स’साठी, म्हणजे पेशींना भोवतून आधार देणाऱ्या प्रथिनांच्या जाळ्यासाठी, तिने ‘पेशीबाह्य आव्यूह’ असा शब्द योजला. हिंदी माध्यमातून शिकलेल्या तिच्या सहकाऱ्याने तो वाचून ‘म्हणजे स्नायूच्या बाहेरचे काही तरी ना?’ असे विचारले, तर तिच्या आईला ‘आव्यूह’ कशाशी खातात हेच कळले नाही. शब्द चुकला की वाचणारे चुकले, असे तिने विचारले आहे.

माझ्या मते शब्द चुकला. पण सहकाऱ्याचा गैरसमज इतका रास्त आहे की आधी त्याची बाजू मांडली पाहिजे. मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सर्वांत लहान सजीव घटक, ज्याला हिंदीत कोशिका म्हणतात. आणि हिंदीत पेशी किंवा मांसपेशी म्हणजे ज्याला आपण स्नायू म्हणतो तो. संस्कृतातही पेशी हा मांसाचाच भाग आहे. १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या राज्याची राजधानी असलेल्या या शहरात दोन्ही अर्थ एकाच खोलीत बसलेले असतात. (शिवाय ‘उद्या कोर्टात पेशी आहे’ ही तिसरी पेशी आहेच, पण ती फारसीतून आलेली असल्याने तिचा शरीराशी संबंध नाही.) तेव्हा हिंदीतून विचार करणाऱ्याने ‘पेशीबाह्य’चा अर्थ स्नायूच्या बाहेरचे असा लावला, तर त्यात त्याचा दोष नाही.

गंमत म्हणजे ‘स्नायू’ या शब्दानेही अर्थाची जागा बदललेली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पेशी ५०० आणि स्नायू ९०० सांगितले आहेत, म्हणजे ती दोन वेगळी अंगे आहेत. तिथला स्नायू हा आकुंचन पावणारा मांसल भाग नसून बांधून ठेवणारा चिवट तंतू आहे. फळ्या जोडून, दोरांनी घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यावर माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी बांधलेले सांधे शरीराचा भार पेलतात, असा दृष्टान्त तिथे दिला आहे. बंगालीत हाच शब्द पुढे मज्जातंतूकडे गेला आणि मराठीत मांसाकडे आला. याचा अर्थ असा की आपली विद्यार्थिनी ज्या वस्तूसाठी शब्द शोधते आहे, तिच्या सर्वांत जवळ जाणारा जुना शब्द ‘स्नायू’ हाच होता आणि तो आपण दुसरीकडे खर्च करून बसलो आहोत. आता तो परत मागता येणार नाही.

शब्द ठरवण्यापूर्वी वस्तू पाहू. मटणाचा तुकडा कापताना लाल मांसावरून सुरीला चुकवणारा पातळ, पांढुरका पडदा हाताला लागतो. इकडे पुष्कळ जण त्याला झिल्ली म्हणतात. तो पडदा संपूर्ण स्नायूभोवती असतो, त्याच्या आत तंतूंच्या प्रत्येक जुडीभोवती दुसरा असतो आणि जुडीतील एकेका तंतूभोवती (हा तंतू म्हणजेच स्नायूची एक लांबट पेशी) तिसरा, अतिशय तलम असा असतो. या वेष्टनांचा मुख्य घटक म्हणजे कोलॅजन हे प्रथिन. मटण घाईने शिजवले तर वातड लागते आणि मंद आचेवर बराच वेळ ठेवले तर मऊ पडते, कारण त्या उष्णतेत कोलॅजनचे जिलेटिन होते. पायाचा रस्सा गार झाल्यावर थिजतो तोही त्यामुळेच. कोलॅजन या नावाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस असा आहे, आणि जुन्या सुतारांचा सरस जनावरांची कातडी व हाडे उकळूनच होत असे. तेव्हा ‘कोलॅजन’ला वेगळा मराठी प्रतिशब्द घडवण्याच्या भानगडीत न पडता एवढी हकिगत सांगितली तरी वाचकाला ते प्रथिन ओळखीचे वाटेल.

सर्वांत आतले वेष्टन आणि तंतूचे स्वतःचे आवरण यांच्या मध्ये प्रथिनांचा आणखी एक अतिसूक्ष्म थर असतो, ज्यात लॅमिनिन आणि चौथ्या प्रकारचे कोलॅजन यांची जाळी एकमेकांत गुंतलेली असतात. तंतूच्या आत डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन आकुंचनाच्या यंत्रणेला आवरणाशी बांधते आणि आवरणातील डिस्ट्रोग्लायकन बाहेरच्या लॅमिनिनला धरून ठेवते. ही साखळी अखंड असेल तरच तंतू आकुंचन पावताना त्याचे आवरण फाटत नाही आणि त्याने लावलेला जोर शेजारच्या तंतूंपर्यंत व पुढे हाडापर्यंत पोहोचतो. डिस्ट्रोफिनचा शोध १९८७ मध्ये लागला. ते नसले की ड्युशेन हा स्नायू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार होतो. पण साखळीची बाहेरची कडी तुटली तरी स्नायू दुबळाच होतो: लॅमिनिनचा एक घटक नसल्यास जन्मजात स्नायुदौर्बल्य येते आणि सहाव्या प्रकारच्या कोलॅजनमध्ये दोष असल्यास उलरिख व बेथलेम या नावांनी ओळखले जाणारे आजार होतात. ज्या घरात असा आजार आहे, तिथल्या माणसांना ‘बाह्य’ हा शब्द म्हणूनच फसवतो. बाहेरचे म्हणजे वरवरचे, असे मराठी कान ऐकतो. इथे तर दोष ‘बाहेर’च आहे.

स्नायूच्या घडणीतही या ‘बाहेर’च्या वस्तूचा हात असतो. स्नायूच्या आद्यपेशी काचेच्या बशीत वाढवताना कोलॅजनचा थर दिला तर त्या एकमेकींना जुळून तंतू बनवू लागतात, असे हाउश्का आणि कोनिग्सबर्ग यांनी १९६६ मध्ये दाखवले. त्याआधी १९६१ मध्ये अलेक्झांडर मौरो यांना तंतू आणि त्याभोवतीचा थर यांच्या फटीत दडलेल्या राखीव पेशी आढळल्या होत्या. इजा झाली की त्या जाग्या होतात आणि मेलेल्या तंतूची जी रिकामी खोळ शिल्लक असते तिच्याच आधाराने नवा तंतू घडवतात. मात्र आधाराचा अतिरेकही वाईट असतो. ड्युशेनच्या मुलांच्या पोटऱ्या भरदार दिसतात आणि घरचे कौतुकाने हात फिरवतात, पण तो भरदारपणा बव्हंशी चरबीचा आणि वाढलेल्या तंतुमय ऊतीचा असतो.

आता शब्दाकडे वळू. ‘आव्यूह’ ही हिंदी गणिताची संज्ञा आहे. तिच्यात आकड्यांच्या ओळी आणि रकाने आहेत, शरीर नाही. ‘मॅट्रिक्स’ हा मूळ लॅटिन शब्द मातेवरून आलेला असून त्यात गर्भाशयाचा, म्हणजे ज्यात काही घडते अशा जागेचा अर्थ आहे. हिंदीतील ‘आधात्री’ त्याच्या बरीच जवळ जाते, पण मराठी वाचकाला ती अनोळखी आहे. ‘आधारद्रव्य’ वाईट नाही. तरी द्रव्य म्हटले की सामान्य वाचकाला पातळ पदार्थ आठवतो आणि धागे नजरेआड होतात. ‘आंतरपेशीय’ मात्र टाळावाच. ‘आंतर’ म्हणजे परस्परांमधले आणि ‘अंतर्’ म्हणजे आतले, हा भेद छापताना एका कान्याने पुसला जातो आणि अर्थ थेट उलटतो. भाषापंडित डॉ. रघुवीर यांनी आपल्या प्रचंड पारिभाषिक कोशाचे बरेचसे काम याच शहरात केले, तेव्हा नवी संज्ञा घडवण्याची नागपूरला धास्ती वाटू नये. तरीही आपला वाचक दवाखान्याच्या बाकावर बसलेला आहे, हे मी विसरणार नाही.

मी ‘आधारजाल’ हा शब्द सुचवतो. पहिल्यांदा येईल तिथे ‘पेशींभोवतीचे आधारजाल’ असे पूर्ण लिहावे आणि पुढे नुसते आधारजाल. ‘भोवती’मध्ये लगटून असण्याचा भाव आहे, जो ‘बाह्य’मध्ये नाही. ‘जाल’ने धागे दिसतात, पण त्यांच्या मधला ओलसर, बुळबुळीत भाग सुटतो, हा त्याचा उणेपणा मला मान्य आहे, तो एका वाक्याने भरून काढता येतो. कोष्टी सुताला खळ देतात तशी या धाग्यांमध्येही खळ असते, एवढे सांगितले की पुरे. दुसरी अडचण सहकाऱ्याची. हिंदी वळणाचे वाचक असतील तर ‘पेशी’ हा शब्द जिथे पहिल्यांदा येईल तिथेच ‘म्हणजे कोशिका’ असे लिहून टाकावे, त्यात कमीपणा नाही.

शुद्धलेखनाचेही पत्रकात पाहावे. ‘स्नायू’ एकटा असताना यू दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व: स्नायुतंतू, स्नायुदौर्बल्य. ‘पेशी’ मुळातच दीर्घ असल्याने ‘पेशीभोवती’, ‘पेशीआवरण’ असेच लिहावे.

आईसाठी पत्रकाचे पहिले वाक्य मी असे करीन: ‘दंडाची बेटकुळी फुगते तेव्हा स्नायूचे तंतू आखडतात, त्या तंतूंना एकमेकांशी आणि हाडाशी बांधून ठेवणारे प्रथिनांचे एक जाळे त्यांच्याभोवती असते, आणि तुमच्या मुलाच्या शरीरात त्या जाळ्याचा एक धागा कमी आहे.’ बेटकुळी खोडू नये. इंग्रजी ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या छोट्या उंदरावरून आलेला आहे; त्यांच्या दंडात उंदीर पळतो, तर आपल्या दंडात बेडकी बसली तर काय बिघडले?